घासलेलं मापटं

दुर्गापूजा संपली की कोलकात्याला जी मरगळ येते, ती मला पहिल्यापासून आवडते. मांडव एकदम उतरत नाहीत. आधी कापड जातं, मग दिवे जातात, आणि मग चौकाचौकात नुसते बांबूचे सांगाडे उभे राहतात. त्यांच्याखालून बस जाते, सायकलरिक्षा जाते, शाळेची पोरं जातात, कुणी मान वर करून बघत नाही. कोजागिरीला बंगाली घरांतून लक्ष्मीपूजा होते, दारापासून देव्हाऱ्यापर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं उमटतात, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सगळं सामसूम. कालीपूजेपर्यंत हे शहर जणू पाहुणे गेलेल्या घरासारखं बसून असतं. हवेतली चिकचिक जरा कमी होते. दुपारी पंखा बंद करावा तर उकडतं, चालू ठेवावा तर पायावर काहीतरी घ्यावंसं वाटतं.

आमच्या सॉल्ट लेकच्या घरात या दिवसांत भाजणी भाजल्याचा खमंग वास असायचा. आता नसतो. आता मी या दिवसांत दिवाणखान्यातल्या फळीसमोर खुर्ची ओढून एका पितळी मापट्याकडे बघत बसतो. माणसाला निवृत्तीनंतर काहीतरी उद्योग हवा म्हणतात. माझा हा असा आहे.

मापटं म्हणजे धान्य मोजायचं माप, आपल्याकडे पायली, शेर, मापटं, चिपटं असायचं त्यातलं. इकडे बांकुड्याच्या बाजूला त्याला कुनके म्हणतात. हे डोकरा कामाचं आहे. मातीच्या गाभ्यावर मेणाचे दोरे गुंडाळायचे, त्यांचीच नक्षी काढायची, वरून पुन्हा माती लिंपायची आणि मेण वितळवून त्याच्या जागी पितळ ओतायचं. साचा फोडल्याशिवाय वस्तू बाहेर येत नाही, म्हणून एकासारखं दुसरं होत नाही. माझ्या मापट्याच्या पोटाला तीन पट्ट्या आहेत. मधल्या पट्टीवर धान्याची कणसं आहेत आणि काठाजवळ कारागिराचा दोरा जरासा घसरलेला आहे. रविवारच्या एका लिलावात ते मला मिळालं तेव्हा काळंकुट्ट होतं. काठाच्या खाली हिरवट, पट्ट्यांच्या खाचांत शाईसारखं. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून बाळंतिणीच्या पोरासारखं छातीशी धरून आणलं होतं.

बँकेने माझी बदली इथे केली तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. मराठी माणसं होती इथे, कुणी बँकेत, कुणी रेल्वेत, कुणी सेक्टर फाइव्हच्या आयटी कंपन्यांत. गणपतीला, संक्रांतीला भेटायची. पण रविवार कसा घालवायचा हा प्रश्न होताच. एका रविवारी एस्प्लनेडहून पायी फिरत फिरत मी त्या लिलावाच्या दालनात शिरलो, पंख्याखाली बसायला मिळेल एवढ्याच हेतूने, आणि बाहेर आलो तो एक लाकडी घुबड काखोटीला मारून. लाल, पिवळं, हिरवं, वटारलेल्या डोळ्यांचं. इकडे घुबड लक्ष्मीचं वाहन. विजयाने, म्हणजे माझ्या बायकोने, दार उघडलं आणि म्हणाली, "हे घरात आणलंत? आपल्याकडे हे घरावर बसलं तर शांती करतात."

पण माझं चित्त चळलं ते चळलंच. संदेश मिठाईचे साचे आले, लाकडाचे, काळ्या दगडाचे, भाजक्या मातीचे. मासा, शंख, आंबा, फुलपाखरू. एक कान तुटलेला मातीचा घोडा आला. विष्णुपूरचे गोल दशावतारी पत्ते आले. विजया सावंतवाडीची. तिने पत्ते हातात घेऊन उलटसुलट केले आणि म्हणाली की आमच्याकडे असे गंजिफे शेजारच्या घरी ढिगाने पडलेले असायचे, आणि लाकडी फळं तर आम्ही दात येताना चघळलीत. तिच्या लेखी लोककला म्हणजे माहेरची अडगळ. मी कौतुकाने दाखवायचो आणि ती म्हणायची, बरं, हे पुसायचं कशाने?

तो प्रश्न खरा होता. वेगवेगळ्या पदार्थांच्या वस्तू जमवल्या की वेगवेगळे वैरीही घरात येतात. लाकडाला वाळवी. कांथ्याच्या गोधडीला कसर. पाणवनस्पतीच्या गाभ्याचा तो पांढराशुभ्र मुकुट, शोलाचा, त्याला ओल. मातीला मोलकरणीचं कोपर. पितळेला मात्र कुणी वैरी नाही अशी माझी समजूत होती.

हे सगळं मला शिकवलं सान्यालबाबूंनी. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, लग्न न केलेले. त्याच लिलावात ओळख झाली. त्यांचं पहिलं कलम असं की जुन्या धातूला हात लावायचा नाही. मऊ कापडाने धूळ झटकायची, बस्स. तो काळेपणा ही वस्तूची मिळकत आहे, तिने ती वर्षानुवर्षं जमवलेली आहे, ती घासून काढणारा माणूस आणि कबर उकरणारा माणूस एकाच रांगेत. मी हे वाक्य घरी येऊन विजयाला ऐकवलं. ती पोळ्या लाटत होती. तिने हूं केलं.

त्या वर्षीची ही मधली मरगळ मला जशीच्या तशी आठवते. मी नुकताच निवृत्त झालो होतो. मुलगी, मुक्ता, बंगळुरूला नोकरीला लागली होती. आता पुण्याला परत जायचं की नाही यावर आमचं रोज सकाळी चहाबरोबर भांडण व्हायचं आणि दुपारी मिटायचं. पूजेची गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघं सियालदहहून लोकल पकडून जयनगरला गेलो होतो, तिथल्या मातीच्या बाहुल्या बघायला. मला बाहुल्या हव्या होत्या आणि तिला तिथला मोआ, म्हणजे खजुराच्या गुळातला लाह्यांचा लाडू. मोआ थंडीतच होतो आणि थंडी अजून पडायची होती, त्यामुळे ती परतीच्या वाटेवर माझ्यावर चिडलेली. गाडीला ही गर्दी. मांडीवर वाघावर बसलेली मातीची देवता, आणि समोर उभी असलेली मासळीवाली म्हातारी त्या देवतेला सारखा नमस्कार करतेय. विजया माझ्या कानाशी म्हणाली की एवढ्या गर्दीत त्या बाईने देव ओळखला. तुम्ही त्याची किंमत विचारत होता. मग स्वतःच हसली. खिडकीतून केळीच्या बागा, डबकी, त्यात उतरलेलं आभाळ. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागून होता. गर्दीमुळे असेल, पण होता.

दिवाळी चार-दोन दिवसांवर आली आणि तिने घर काढलं. आपल्या बायका घर काढतात म्हणजे काय ते सांगायला नको. मला तिने बाजारात पिटाळलं, लाह्या-बत्तासे आणायला. इकडे लाह्यांना खोई म्हणतात. मी आलो तर मोरीतून काथ्याचा खसखस आवाज येतोय आणि घरभर चिंचेचा आंबट वास. समया, निरांजनं, तांब्या, ताम्हन, सगळी पितळी भांडी उन्हात ओळीने पालथी घातलेली. आणि त्या ओळीत शेवटी, नुकतं अंघोळ घातलेल्या पोरासारखं लखलखीत, माझं मापटं.

मी डोक्यावर हात मारून घेतला. काय बोललो ते नीटसं आठवत नाही. शंभर वर्षं पाण्यात घातलीस, असलं काहीतरी. बरंच मोठ्याने बोललो असणार, कारण वरच्या मजल्यावरच्या घोषबाई कठड्यावरून वाकल्या. विजयाने पदराला हात पुसले आणि शांतपणे विचारलं की लक्ष्मीपूजनाला धान्य भरायला माप लागतं, ते लागतं ना? घरात माप असताना मी वाटीत लाह्या भरू? आणि लक्ष्मीपुढे असलं काजळी धरलेलं भांडं ठेवू? हे तिला कुठल्याही पुस्तकात बघावं लागलं नव्हतं. माप म्हणजे पूजेचं, पूजेचं म्हणजे घासायचं. लग्न होऊन आली तेव्हा उंबऱ्यावरचं जे माप तिने पायाने लवंडलं होतं, तेही कुणीतरी आदल्या दिवशी घासलंच असेल.

मी दिवसभर तोंड फुगवून बसलो. तिने चकल्या तळल्या, एक मोडून माझ्यापुढे ठेवली, मी खाल्ली. रुसवा आणि चकली यांचं काही वैर नाही.

अमावास्येला सगळं शहर कालीच्या मांडवात असतं आणि आमच्यासारखी पाच-पन्नास घरं लक्ष्मी मांडून बसलेली असतात. सान्यालबाबू दर वर्षी त्या संध्याकाळी फराळाला यायचे. आले, पाट बघितला, आणि मापट्यावर नजर गेल्यावर जागीच थांबले. लाह्या भरलेलं, वर बत्तासे, समईच्या उजेडात नुसतं सोनं. त्यांनी चष्मा काढून पुसला. कुणी गेल्याची बातमी ऐकल्यावर माणूस जसा आधी खाली बसतो तसे ते खाली बसले आणि मला म्हणाले, गेलं. विजयाने त्यांच्यापुढे करंजीची बशी ठेवली. म्हातारा गोडाचा भारी शौकीन. दोन करंज्या पोटात गेल्यावर त्यांना कंठ फुटला. म्हणाले की बौदी, म्हणजे वहिनी, आता ही नुसती भांड्यांच्या दुकानातली वस्तू झाली हो.

"घरातली झाली म्हणा," विजया म्हणाली. "एवढा संसार मांडलाय यांनी फळीवर, त्यातलं एक तरी आपलं झालं."

सान्यालबाबू हसले. मी नाही हसलो. मला तेव्हा ते उत्तर निव्वळ फटकळ वाटलं होतं.

पुढे दर दिवाळीला ती ते घासायची. मी विरोध सोडून दिला. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. बाकी काळ्या, तपकिरी, धुरकट मंडळींत ते मापटं सुतकी घरात चुकून शिरलेल्या नव्या नवरीसारखं चमकत बसायचं. येणाऱ्या पाहुण्याची नजर पहिली त्याच्यावर जायची, आणि मला दर वेळी सांगावं लागायचं की हे बाकीच्यांसारखंच जुनं आहे, फक्त आमच्या घरी घासतात. पुण्याला जायचं भांडणही असंच हळूहळू मिटलं. कुणी हरलं नाही, जिंकलं नाही. आम्ही राहिलो.

ती गेली त्याला ही तिसरी दिवाळी. आजार फार लांबला नाही, एवढंच सांगतो. सोसायटीतली मुलं, घोषबाईंचा जावई, सगळे धावून आले. आपल्या माणसांची उणीव भासू दिली नाही त्यांनी. इकडे अंत्ययात्रेत पुढे खोई उधळत जातात. मला माहीत होतं, अनेकदा रस्त्यात पाहिलं होतं. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्या पांढऱ्या लाह्या पडलेल्या दिसल्या आणि मला वाटलं, या तर पूजेला घरी आणायच्या होत्या. डोकं चालत नव्हतं त्या दिवशी.

वर्षभर सण नव्हतेच. मापटं फळीवर होतं. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते पावसाळ्यानंतर. झळाळी जरा बसली होती, पिकत चाललेल्या केळ्यासारखा रंग आला होता. कोलकात्याची हवा, इथे लोखंड रडतं तिथे पितळ काय टिकणार. मग खाचांत तपकिरी रेघा धरल्या. मग कणसांची टोकं तेवढी पिवळी राहिली. एखाद्या संग्राहकाला याचा आनंद व्हावा. मला धडकी भरली.

तिच्या साड्या मुक्ता घेऊन गेली, काही वाटल्या. तिचा चष्मा कुठे गेला सापडत नाही. फोटो आहेत, पण फोटोत ती कॅमेऱ्यासाठी बसलेली असते. तशी ती घरात कधीच बसली नाही. तिने स्वतःच्या हाताने केलेलं आणि अजून डोळ्यांना दिसतंय असं या घरात एकच उरलं होतं, ती त्या पितळेवरची चकाकी. आणि ती रोज थोडी थोडी विझत होती.

मग घासायचं, त्यात काय एवढं? मुक्ताने हेच विचारलं. ती अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बोलते, पण माया सगळी आईची. म्हणाली, बाबा, भांडी घासायला येते त्या मंजूदीला सांग ना, ती पाच मिनिटांत करेल. नाहीतर पॉलिश करून वर लॅकर मारून घे, मग कधीच काळं होणार नाही. तिला मी काय सांगू? पितळ घासणं म्हणजे वरचा पापुद्रा काढणं. मी किंवा मंजूदीने घासलं की विजयाचा हात फिरला होता तो थर चिंचेच्या पाण्याबरोबर मोरीत जाणार, आणि जी चमक येईल ती आमची असेल, तिची नसेल. आणि नाही घासलं, तर तिचं घासणं त्या काळ्याखाली हळूहळू गाडलं जाणार. इकडे आड तिकडे विहीर. गेल्या दिवाळीला मी चिंच भिजत घातली होती. सकाळी ती तशीच आमटीत घातली.

परवा सान्यालबाबू आले. आता काठी टेकत येतात, जिना चढून आले की आधी पाणी मागतात. मुक्ता मला बंगळुरूला ये म्हणून मागे लागलीय, तेव्हा निदान कुठली वस्तू कुणाकडे जावी हे तरी ठरवू, म्हणून मीच बोलावलं होतं. खाली मजूर कालीपूजेच्या मांडवाचे बांबू बांधत होते, त्यांचे आवाज वर येत होते. सान्यालबाबू फळीपुढून सावकाश सरकत होते. घुबडाची चौकशी केली, कांथा उलगडून कसर बघितली. मग मापट्याशी थांबले. ते उचललं, खिडकीपाशी नेलं, उजेडात फिरवलं, खाचेवरून नख फिरवलं. त्यांचा चेहरा उजळला. मला बरं वाटावं म्हणूनच बोलले ते, त्यात तिळमात्र शंका नाही.

"छान परत येतंय, पाटणकरबाबू. अजून थोडी वर्षं जाऊ द्या. हे कधी कुणी घासलं होतं, हे कुणाला कळणारसुद्धा नाही."

मी चहा करायला म्हणून आत गेलो आणि दूध गॅसवर ठेवलं. दूध उतू गेलं तरी गॅस बंद करायचं सुचेना. तिला मी नदीवर नेऊन पोचवलं, दिवस केले, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढून बँकेत दिल्या, हे सगळं उभ्याने केलं. आणि आता एक म्हातारा भला माणूस एका पितळी भांड्याबद्दल बोलला तर मला साधा चहा करता येईना. कुणाला कळणारसुद्धा नाही.

चहा घेताना मी त्यांना विचारलं की मुळात ही मापटी एवढी काळी होतातच कशी? बांकुड्याच्या घरांतूनही ती लक्ष्मीपुढे धान्य भरून ठेवत असतील ना? ते म्हणाले, अर्थात. दर गुरुवारी पूजा, सणाला घासणं, रोजचं मोजणं. चालत्या घरातलं माप कधी काळं पडत नसे. माणसं गेली, घर मोडलं, वस्तू कोपऱ्यात पडली, की मग चढतो तो रंग. हे त्यांनी बिस्किट बुडवता बुडवता सांगितलं, वर्गात सांगत असतील तसं. म्हणजे ज्याला आम्ही दोघं इतकी वर्षं मिळकत म्हणत होतो, ती घरात कुणी नसल्याची नोंद होती. माझ्या फळीवरच्या सगळ्या देखण्या काळोख्या वस्तू म्हणजे कुणाकुणाची बंद झालेली घरं. आणि त्यांत आता आमचं.

ते गेल्यावर मी कपबश्या विसळल्या. मग मापटं उचललं आणि स्वयंपाकघरात नेलं. चिंच काढली नाही. ओल्या फडक्याने धूळ पुसली, आतून बाहेरून, आणि तांदळाच्या डब्यात ठेवलं. तिथे एक स्टीलची वाटी होती, ती काढून टाकली. कुणी घासलं होतं हे कळो न कळो. ज्या भांड्याने रोज मोजतात ते भांडं रोजच्या हाताने जे व्हायचं ते होईल. सान्यालबाबूंना कळलं तर ते पुन्हा चष्मा पुसतील. मुक्ताला सांगायचं झालं तर कुठून सुरुवात करावी तेच मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांदूळ घ्यायला डबा उघडला. माप म्हटलं की माणूस ते शिगोशीग भरतो, अर्धं माप घेऊन उभं राहणं हाताला जमत नाही. भरलं, वरचे तांदूळ बोटाने सारखे केले, आणि तसेच्या तसे धुऊन कुकरला लावले. शिट्ट्या झाल्या, झाकण काढलं, तर तीन माणसांचा भात. मी वाढून घेतला, वरण घातलं, तूप घातलं, जेवलो. पातेल्याला काही फरक पडला नाही.

संध्याकाळी फोडणीचा भात केला. तोही उरला.